वीज गेली की टनेल मरतो, मग आपोआप जिवंत होतो (ऑलस्टार, वायरगार्ड, ४४ नेट)

तारवेडा · सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, डोकं पिकलंय. आधी मांडणी सांगतो, मग रडगाणं.

रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक) वर ऑलस्टार नोड, म्हणजे हौशी (हॅम) रेडिओला इंटरनेटवरून दुसऱ्या रेडिओंशी जोडणारं ठाणं. त्याला यूएचएफचा सिम्प्लेक्स रेडिओ जोडलेला. इंटरनेट मोबाइल राउटरवरून. राउटरला मिळणारा पत्ता १००.६४ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅट: मोबाइल कंपनीने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेल्या अनेक ग्राहकांतला मी एक. बाहेरून ४५६९ पोर्टवर (ऑलस्टारचं दार) कुणी येण्याचा प्रश्नच नाही. म्हणून एका ओळखीच्या हॅमने त्याच्या ४४ नेटच्या (हौशी रेडिओवाल्यांसाठीचे, ४४ ने सुरू होणारे इंटरनेट पत्ते) ब्लॉकातला एक पत्ता मला दिला आणि त्याच्या गेटवेपर्यंत वायरगार्डचा टनेल (इंटरनेटवरून जाणारी एन्क्रिप्टेड खासगी वाट) बांधला. बरेच महिने मस्त चाललं.

आता दोन दुखणी आहेत.

पहिलं: वीज जाऊन आली की नोड चालू होतो, रेडिओ चालू होतो, टनेल मात्र उठत नाही. कधी तीन मिनिटांत उठतो, कधी पाऊण तास लावतो. मी काहीही न करता. आणि गंमत म्हणजे गेटवेवाल्याने त्याच्या बाजूचा इंटरफेस खाली-वर केला की माझा टनेल त्याच क्षणी लागतो! म्हणजे दोष त्याच्याकडचा, हे उघड आहे. फुकट देतोय बिचारा, म्हणून तोंड उघडवत नाही. पण रात्रीबेरात्री त्याला किती वेळा उठवणार?

दुसरं: टनेल चालू असतानाही नोडच्या डॅशबोर्डचं वेबपान बाहेरून अर्धंच उघडतं. वरचा निळा पट्टा दिसतो आणि पुढे नुसतं चक्र फिरत राहतं. आवाज मात्र दोन्हीकडून स्वच्छ.

कुणी पाहिलंय का असं?

झटपट · सोमवार, रात्री १०:५५

पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (वाट उघडी राहावी म्हणून ठरावीक वेळाने जाणारं रिकामं पाकीट) टाकलंय का? नसेल तर २५ सेकंद टाका. नॅटमागे बसून ते नाही टाकलं तर बाहेरचा माणूस दार ठोठावतच बसतो.

तारवेडा · सोमवार, रात्री ११:०१

आहे. पहिल्या दिवसापासून २५ आहे.

नवशिका_७३ · सोमवार, रात्री ११:२०

माफ करा, मधेच विचारतो. ४४ नेटसाठी आयपीआयपी टनेल (आयपी पाकिटाच्या पोटात आयपी पाकीट) वापरतात असं वाचलं होतं. ते का नाही?

जुनाखांब · मंगळवार, सकाळी ६:१०

चांगला प्रश्न आहे, माफी कसली.

४४.०.०.०/८ हा अख्खा पट्टा १९८१ साली हौशी रेडिओवाल्यांच्या पदरात पडला. हँक मॅग्नुस्की यांनी तो मागून घेतला होता. तेव्हा पत्त्यांना कुणी विचारत नव्हतं. २०१९ मध्ये त्यातला पाव हिस्सा, ४४.१९२.०.०/१०, ॲमेझॉनला विकला गेला. सुमारे ४२ लाख पत्ते. त्यावर हॅम मंडळींनी घातलेले वाद अजून थंड झालेले नाहीत, ते इथे नको. आपल्याकडे उरले ४४.०.०.०/९ आणि ४४.१२८.०.०/१०.

जुन्या पद्धतीत प्रत्येक गेटवे दुसऱ्या प्रत्येक गेटवेशी आयपीआयपीने थेट बोलतो. कुठला ब्लॉक कुणाच्या मागे आहे याची यादी मध्यवर्ती गेटवे रिपच्या (राउटरना वाटा कळवणारा प्रोटोकॉल) पाकिटांतून पाठवतो आणि आपल्याकडचा एक छोटा प्रोग्रॅम ती ऐकून राउटिंग टेबल भरतो. फार देखणी व्यवस्था आहे, मी अजून वापरतो. पण आयपीआयपी हा स्वतंत्र प्रोटोकॉल आहे, क्रमांक ४. त्याला टीसीपी-यूडीपीसारखे पोर्ट नसतात. सीजीनॅटच्या पेटीला पाकीट आत कुणाला द्यायचं ते पोर्टवरूनच कळतं. पोर्टच नाही म्हटल्यावर ती पाकीट टाकून देते. तारवेडांच्या जागी आयपीआयपी चालणारच नाही. वायरगार्ड यूडीपीवर चालतो, म्हणून निभावतो.

नवशिका_७३ · मंगळवार, सकाळी ७:३३

पण वायरगार्ड म्हणजे एन्क्रिप्शन. हॅममध्ये ते निषिद्ध ना?

जुनाखांब · मंगळवार, सकाळी ७:५०

हवेतून जाताना. अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक करून पाठवायचं नाही, हा नियम हौशी पट्ट्यातल्या प्रक्षेपणाला आहे. मोबाइल राउटरचं इंटरनेट म्हणजे हौशी पट्टा नव्हे. उद्या गच्चीवरच्या डिशने हॅम परवान्याखाली मायक्रोवेव्हची लिंक केलीत, तर त्या टप्प्यावर वायरगार्ड नको. तिथे आयपीआयपी किंवा तसाच एन्क्रिप्शन नसलेला जीआरई टनेल.

स्क्वेल्च · मंगळवार, सकाळी ९:१५

तारवेडा, पान अर्धं उघडणं आणि आवाज नीट येणं हे एमटीयूचं, म्हणजे वाटेत मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या पाकिटाच्या मापाचं, दुखणं आहे. हे आधी उरकून टाकू.

ऑलस्टारचा आवाज यूलॉमध्ये (आवाजाचे आकडे करण्याची एक पद्धत) जातो. दर २० मिलिसेकंदांना १६० बाइट आवाज, त्यावर आयएएक्सचे (ऑलस्टारचा आवाज नेणारा प्रोटोकॉल) ४, यूडीपीचे ८, आयपीचे २०. झालं १९२ बाइटचं चिमुकलं पाकीट. ते कुठल्याही भोकातून जातं. डॅशबोर्डचं पान मात्र भरलेली पाकिटं पाठवतं. वायरगार्डचा इंटरफेस बहुतेक ठिकाणी १४२० वर असतो, त्यावर वेष्टनाचे ६० बाइट चढले की झाले १४८०. तुमच्या मोबाइलच्या वाटेत तेवढी जागाच नसेल तर त्याचे तुकडे पडतात आणि ते तुकडे वाटेत कुणीतरी गिळतो. सुरुवातीची छोटी पाकिटं पोचतात, म्हणून तो निळा पट्टा दिसतो.

मोजा. टनेल बंद करून गेटवेच्या सार्वजनिक पत्त्याला पिंग करा, 'तुकडे करू नको' ही सूट देऊन. आकार १४७२ पासून खाली आणा. जो सगळ्यात मोठा आकार जाईल त्यात २८ मिळवा, ती तुमची वाट. त्यातून ६० वजा करा. गेटवेशी आयपीव्ही६ वरून बोलत असाल तर ८०.

तारवेडा · मंगळवार, दुपारी १:४०

१४०२ जातो, १४०३ जात नाही. म्हणजे वाट १४३० ची. वजा ६०, १३७०. नोडवर एमटीयू १३७० केला आणि पान फटकन उघडलं! अर्धं दुखणं गेलं. _/\_

गेटवेवर पण बदलायला लावू का?

स्क्वेल्च · मंगळवार, दुपारी २:०५

बदललेला बरा, पण अडणार नाही. टीसीपी जोडणी होताना तुमचा नोडच सांगतो की मला १३३० पेक्षा मोठा घास नको, आणि समोरचा तेवढेच घास देतो. गेटवेवाल्याला एवढ्यासाठी उठवू नका, आधीच बरंच उठवलंय. :)

उंचमनोरा · मंगळवार, रात्री ९:३०

आता मोठं दुखणं. 'टनेल उठत नाही' म्हणजे नक्की काय, हे अजून कुणी विचारलेलंच नाही. वायरगार्डमध्ये उठणं-झोपणं असं काही नसतं. इंटरफेस नेहमी 'चालू'च दिसतो. पाकीट जातंय का, पोचतंय का, उत्तर निघतंय का, उत्तर येतंय का, हे चार प्रश्न. त्यासाठी दोन्ही टोकांना टीसीपीडंप (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

ओळखायला सोपं आहे. यूडीपीच्या आतली लांबी (बाइटमध्ये) बघा:
१४८ म्हणजे हँडशेकची (दोन टोकांनी एकमेकांची ओळख पटवण्याची) हाक.
९२ म्हणजे तिला आलेली ओ.
३२ म्हणजे कीपअलाइव्ह.
२२४ म्हणजे कुणीतरी पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबलंय.

वीज जाण्याची वाट बघत बसू नका. प्लग उपटा, परत लावा आणि दोन्हीकडचं टिपून इथे टाका.

तारवेडा · बुधवार, रात्री ८:१२

केलं. गेटवेवाल्याला फोनवर बसवलं आणि ६:४० ला प्लग उपटला. दोन मिनिटांनी परत लावला.

माझ्याकडे: १४८ जातंय, दर पाच सेकंदांनी. ९२ नाही.
त्याच्याकडे: १४८ येतंय. एकूण एक. पण ९२ निघतच नाही.

म्हणजे हाक पोचते, तो ओ देत नाही. त्याने कर्नलचा डीबग लॉग चालू केला तर 'हँडशेक अवैध' अशा अर्थाच्या ओळी. एन्क्रिप्शनची किल्ली चुकली की अशा ओळी येतात म्हणे. पण किल्ली कुणीच बदललेली नाही! बावीस मिनिटांनी न सांगता ९२ आलं आणि सगळं सुरळीत.

मी म्हटलं नव्हतं, दोष त्याच्याकडे आहे?

झटपट · बुधवार, रात्री ८:२०

गेटवेवर फायरवॉल असणार. त्याला सांगा बंद कर.

उंचमनोरा · बुधवार, रात्री ८:४१

फायरवॉलचा काय संबंध? पाकीट वायरगार्डपर्यंत पोचल्याशिवाय तो त्याला अवैध कसं म्हणेल?

तारवेडा, आणखी काही नोंदी आहेत का? वीज कधी गेली, कधी आली, टनेल कधी लागला? हॅम आहात, लॉगबुक तर असेलच.

तारवेडा · बुधवार, रात्री ९:०५

आहे ना.

एकदा ८:२० ला गेली, ८:२६ ला आली. टनेल तीनेक मिनिटांत.
एकदा ११:०५ ला गेली, दोन तासांनी आली. टनेलला ४७ मिनिटं.
आजचं: ६:४० ला गेली, ६:४२ ला आली. २२ मिनिटं.
मी स्वतः नीट रीबूट केलं तर: लगेच. दर वेळी लगेच.

वीज किती वेळ गेली त्याचा आणि टनेलचा काही मेळच लागत नाही.

उंचमनोरा · बुधवार, रात्री ९:४८

मेळ आहे आणि फार सुंदर आहे. वीज *किती वेळ* गेली ते सोडा. *किती वाजता* गेली ते बघा. आठ वाजून २० मिनिटं. २० मधून १७ वजा, ३. अकरा वाजून ५, म्हणजे दहा वाजून ६५, वजा १७, ४८. सहा वाजून ४०, वजा १७, २३.

तुमचा टनेल तासाच्या सतराव्या मिनिटाशी बांधलेला आहे.

कारण असं. पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज गेली की त्याला वेळ माहीत नसते. त्यावर तोडगा म्हणून फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचं खोटं घड्याळ असतं. ते वेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि बूट होताना तिथून उचलतं. नीट बंद केलंत तर बंद होतानाची वेळ लिहिली जाते. नाहीतर तासातून एकदा, क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) तासाच्या कामांबरोबर. आणि डेबियन लिनक्समध्ये ती कामं ठरलेल्या मिनिटाला होतात: १७.

म्हणजे ११:०५ ला वीज गेली, तेव्हा फाइलमध्ये होतं १०:१७. वीज एकला येवो की उद्या येवो, पाय जागा होऊन म्हणतो, आता १०:१७ वाजलेत.

आता वायरगार्ड. हाकेच्या त्या १४८ बाइटमध्ये पाठवणाऱ्याच्या घड्याळाची वेळ असते. जुनी हाक पकडून ठेवून कुणी ती पुन्हा वाजवू नये म्हणून गेटवे प्रत्येकाच्या शेवटच्या हाकेची वेळ लक्षात ठेवतो आणि तिच्या आधीची वेळ आली तर गुपचूप टाकून देतो. हँडशेक दर दोन मिनिटांनी नवा होतो. म्हणून गेटवेच्या डोक्यात तुमची शेवटची वेळ ११:०४ च्या आसपासची. तुम्ही आता १०:१७ च्या हाका मारताय. तो कशाला ओ देईल? तुमचं घड्याळ रांगत ११:०४ च्या पुढे गेलं की देतो. तुमची ४७ मिनिटं ती.

त्याने इंटरफेस खाली-वर केला की लगेच का लागायचं? ती लक्षात ठेवलेली वेळ पुसली जायची म्हणून. गेटवेचं काहीही चुकलेलं नाही, त्याने नेमून दिलेलं काम केलं.

स्क्वेल्च · बुधवार, रात्री १०:०२

अरे काय! हे वाचून अंगावर काटा आला. लॉगबुकाचा इतका उपयोग मी तरी पाहिला नव्हता.

जुनाखांब · बुधवार, रात्री १०:१०

+१. पण एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ लावणारी सेवा) बूट झाल्यावर मिनिटभरात वेळ दुरुस्त करतं. ते कुठे गेलं?

तारवेडा · बुधवार, रात्री १०:३०

इमेज जुनी आहे. टाइमसिंकडी (लिनक्सची वेळ लावणारी दुसरी सेवा) काढून मी एनटीपी घातलं होतं. आणि... अलाउडआयपीजमध्ये (टनेलमधून कुठले पत्ते जायचे ती यादी) ०.०.०.०/० आहे. म्हणजे सगळं इंटरनेट टनेलमधूनच. म्हणजे एनटीपीची विचारणासुद्धा टनेलमधूनच जाणार, आणि टनेल वेळ बरोबर झाल्याशिवाय लागणार नाही.

किल्ली कुलपाच्या आत ठेवून दार ओढून घेतलं की मी.

झटपट · बुधवार, रात्री १०:३४

सोपं आहे. अलाउडआयपीजमध्ये फक्त ४४.०.०.०/९ आणि ४४.१२८.०.०/१० ठेवा. बाकी सगळं सरळ मोबाइलवरून. एनटीपी मोकळं.

तारवेडा · गुरुवार, रात्री ७:५०

झटपटराव, केलं. प्लग उपटून पाहिला, टनेल मिनिटभरात हजर! पण आता नोड नंबर टाकून कुणालाच माझा नोड लागत नाही. दुसऱ्या एका ४४ वाल्या मित्राच्या मशीनवरून पिंग येतो, डॅशबोर्डही उघडतो. साध्या इंटरनेटवरून काहीच नाही. आणि नोडच्या यादीत माझा पत्ता ४४ चा न दिसता मोबाइल कंपनीचा दिसतोय.

घोंगडं उचललं तर खाली विंचू.

उंचमनोरा · गुरुवार, रात्री ८:२५

झटपट, तुमचा हेतू चांगला, पण अलाउडआयपीज हे दुधारी आहे. बाहेर जाताना ती राउटिंगची यादी असते आणि आत येताना तीच चाळणी होते. बाहेरच्या साध्या पत्त्यावरून आलेलं पाकीट गेटवेने इमानेइतबारे टनेलमध्ये घातलं, नोडने ते उलगडलं, पाठवणारा यादीत नाही म्हणून फेकून दिलं. ४४ वाले यादीत आहेत, म्हणून तेवढेच आत.

यादीत चुकीचा पत्ता का, तर ॲस्टेरिस्कची (ऑलस्टार ज्यावर चालतो तो फोन-एक्स्चेंज प्रोग्रॅम) नोंदणी आता मोबाइलच्या वाटेने बाहेर पडते. नोंदणी घेणारा सर्व्हर पाकीट ज्या पत्त्यावरून आलं तोच लिहून घेतो. लोक मग त्या पत्त्यावर जातात आणि सीजीनॅटच्या भिंतीवर डोकं आपटतात.

असं करा. अलाउडआयपीज परत ०.०.०.०/०, म्हणजे चाळणी उघडी. पण इंटरफेसच्या विभागात टेबल ऑफ लिहा, म्हणजे वायरगार्ड मुख्य राउटिंगला हात लावणार नाही. मग एक वेगळं राउटिंग टेबल काढा, त्याला ४४ क्रमांक द्या (कुठलाही चालतो, हा लक्षात राहतो). त्यात एकच ओळ: सगळं टनेलमधून. आणि आयपी रूल: ज्या पाकिटाचा *पाठवणारा* माझा ४४ चा पत्ता आहे, त्याने टेबल ४४ बघावं. या दोन्ही ओळी पोस्टअपमध्ये (इंटरफेस उठला की आपोआप चालणाऱ्या आज्ञा) टाका, नाहीतर पुढच्या रीबूटला गायब.

शेवटचं: आयएएक्सच्या कॉन्फमध्ये बाइंडॲड्र म्हणून तुमचा ४४ चा पत्ता द्या. नाहीतर ॲस्टेरिस्क पाठवणारा म्हणून मोबाइलकडचा पत्ता लावतो आणि नियमाच्या कचाट्यात सापडतच नाही. हे विसरून मी स्वतः एक अख्खा रविवार घालवलाय.

एनटीपीचा पाठवणारा ४४ नाही, म्हणून ते मुख्य टेबलने सरळ मोबाइलवरून जाईल.

झटपट · गुरुवार, रात्री ८:३१

चाळणीचं माहीत नव्हतं. मान्य.

स्क्वेल्च · गुरुवार, रात्री ८:४०

एक पुरवणी. एंडपॉइंटला (कॉन्फमधला गेटवेचा पत्ता) नाव दिलं असेल तर आकडी पत्ता द्या. बूट होताना डीएनएस (नावावरून आकडी पत्ता सांगणारी सेवा) जागं नसेल तर वायरगार्डची सेवा तिथेच अडते, आणि तो एक वेगळाच धागा होईल.

तारवेडा · शनिवार, दुपारी १२:२०

सगळं केलं. मुद्दाम वाईटातली वाईट वेळ निवडली: ११:१५ ला प्लग उपटला, म्हणजे फाइलमध्ये १०:१७ आणि अंतर ५८ मिनिटांचं. लगेच लावला. टीसीपीडंप गेटवेकडे चालू.

१४८, १४८, १४८, १४८. मग थोडा वेळ तसंच. मग ९२.

बूट धरून दीड मिनिट. नोडच्या यादीत ४४ चा पत्ता. पाच मिनिटांत एकाने साध्या इंटरनेटवरून नोड नंबर टाकला आणि स्पीकरवर त्याचा आवाज. गेटवेकडे धडाधड २२४, २२४, २२४.

गेटवेवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मला पण माझीच चूक वाटत होती, म्हणून गप्प होतो."

नवशिका_७३ · शनिवार, दुपारी १२:४४

पण मोबाइलचं इंटरनेटच उशिरा आलं तर? एनटीपीला पण ओ मिळणार नाही.

उंचमनोरा · शनिवार, दुपारी १:०२

इंटरनेट नसेल तर टनेल तरी कशावर चालवणार? ते आलं की आधी वेळ लागेल, मग टनेल. तरी ज्यांना हा खेळच नको त्यांनी डीएस३२३१ चं घड्याळ पायच्या पिनांवर बसवावं, नाण्याएवढ्या बॅटरीवर वर्षानुवर्षं चालतं. पाय ५ मध्ये घड्याळ आतच आहे, पण त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते. ती न जोडता 'माझ्याकडे पाय ५ आहे' म्हणून निवांत बसलेले दोघे मला ठाऊक आहेत.

झटपट · शनिवार, दुपारी १:०५

त्यातला एक मी. आत्ताच उघडून पाहिलं.